मणक्याच्या ऑपरेशननंतर झोपायचं कसं, बसायचं कसं? अनुभव हवेत

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. माझ्या सासूबाईंचं (वय ६८) कमरेच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय, एल-४ एल-५, मणका पुढे सरकला होता आणि नसा दबल्या होत्या म्हणून जागा मोकळी करून स्क्रू-रॉड टाकलेत. ऑपरेशन छान झालं, पायातली कळ गेली म्हणतात, दुसऱ्या दिवशी वॉकर धरून चालल्यासुद्धा. पण घरी आल्यापासून रात्र निघत नाहीये. उताणं झोपवलं तर टाक्यांवर भार येतो, कुशीवर केलं तर थोड्या वेळात कंबर आखडते, परत हाक मारतात, मग मी आणि आमचे हे मिळून वळवतो आणि वळवताना त्यांना ज्या कळा येतात त्या बघवत नाहीत हो. डिस्चार्जच्या कागदावर वाकू नये, वजन उचलू नये, कंबर पिळू नये एवढं लिहिलंय, पण झोपवायचं कसं हे कुणी करून दाखवलं नाही. त्यात आईंचा हट्ट की मला खाली सतरंजी टाकून द्या, पाठीला कडक जमीनच बरी. ज्यांनी स्वतः भोगलंय किंवा घरात कुणाचं केलंय त्यांनी प्लीज लिहा, उशा कुठे ठेवायच्या, बसवायचं कशावर, किती वेळ. आम्ही सांगलीला, डॉक्टर पुण्याचे, रोज उठून विचारायला जाता येत नाही.

अवनी_के
ताई, सुरुवातीचे पंधरा दिवस असेच जातात, धीर सोडू नका. माझं मणक्यांमधली गादी (डिस्क) सरकल्याचं छोटं ऑपरेशन होतं (मायक्रोडिस्केक्टमी, एल-५ एस-१), आईंच्या मानाने काहीच नाही, पण झोपेचे हाल सेम. मला सगळ्यात जास्त फरक पडला तो गुडघ्याखालच्या उशीने. उताणं झोपायचं आणि गुडघ्याखाली चांगली जाड उशी, एक पातळशी नाही, दोन घातल्या तरी चालतील, म्हणजे पोटऱ्या आणि टाचा सैल पडल्या पाहिजेत. पाय सरळ ताठ ठेवले की कमरेची कमान वर उचलली जाते आणि तिथेच ठणका लागतो, गुडघे वर आले की कंबर आपोआप गादीला टेकते. आणि डोक्याखाली उशांचा ढीग नको, एकच.

टाक्यांवर भार येतो म्हणून घाबरू नका, डॉक्टरांनी उताणं झोपू नका असं स्पष्ट सांगितलं नसेल तर ड्रेसिंगवर झोपून काही बिघडत नाही. मला वाटायचं जखम उलेल, तसं काही होत नाही.

टेकडीवाला
वाचतोय. माझं मानेचं झालंय, त्याचं गणित वेगळं आहे, सावकाश लिहितो.

हलकं_पाऊल
मी फिजिओथेरपिस्ट आहे, नाशिकला. जरा लांब लिहितेय पण वळवण्याचं आधी नीट समजून घ्या, कारण तुमच्या पोस्टमध्ये मला तेच खटकलं. पडून राहण्यात त्रास कमी असतो, त्रास होतो तो एका स्थितीतून दुसरीत जाताना. बहुतेक घरांत काय करतात, एकजण खांदा धरून ओढतो, खांदे वळतात, कंबर मागेच राहते, मग दुसरा कंबर ढकलतो. म्हणजे नेमकी जी गोष्ट करायची नाही, कंबर पिळणं, तीच होते.

असं करा. आईंना उताणं असतानाच दोन्ही गुडघे दुमडायला सांगा, पाय गादीवर टेकलेले. ज्या कुशीवर वळायचंय त्याच्या विरुद्ध बाजूचा हात छातीवरून पलीकडे. पोट हलकंसं आत घट्ट करायचं, श्वास कोंडायचा नाही, आणि खांदा, कंबर, गुडघे एकाच वेळी, एकाच तुकड्यात वळले पाहिजेत. आम्ही याला लॉग रोल म्हणतो. तुम्ही एक हात खांद्याच्या मागे आणि एक कुल्ल्यावर ठेवायचा, तिसऱ्या आकड्याला दोघांनी मिळून. आकडे आईंनाच मोजू देत, कधी वळणार हे त्यांना माहीत असलं की अंग कडक करून घेत नाहीत, निम्मं दुखणं त्या घाबरून आखडण्याचं असतं.

दुसरं, एक जुनी मऊ सुती चादर दुहेरी घडी घालून खांद्यापासून मांडीपर्यंत त्यांच्या अंगाखाली कायम अंथरून ठेवा. वर सरकवायचं असेल, बाजूला घ्यायचं असेल तर दोघांनी दोन्ही बाजूंनी चादर गुंडाळून मुठीत धरायची आणि चादरीसकट सरकवायचं. काखेत हात घालून कधी ओढू नका.

उठवताना पण आधी कुशीवर. मग पाय पलंगाखाली सोडायचे आणि त्याच वेळी खालच्या कोपराने आणि वरच्या तळहाताने गादी दाबत अंग उचलायचं. पाय खाली जातात त्यांच्या वजनाने अंग वर यायला मदत होते. उताण्या स्थितीतून सरळ उठून बसणं अजिबात नाही. झोपताना हेच उलट क्रमाने. पलंग फार बुटका असेल तर पायाखाली लाकडी ठोकळे घाला, बसल्यावर गुडघे कमरेपेक्षा वर यायला नकोत.

आता कुशीवरचं. दोन गुडघ्यांमध्ये उशी सगळेच सांगतात, पण ती बुटकी चौकोनी उशी फक्त गुडघ्यात धरली की पाऊल खाली लोंबतं आणि वरचा पाय पुढे घसरून कंबर फिरतेच. उशी जांघेपासून घोट्यापर्यंत पोचली पाहिजे, घरात लोड असेल तर उत्तम. पाठीमागे गोधडीची घट्ट गुंडाळी लावून ठेवा म्हणजे मागे कलंडायची भीती राहत नाही. पोटाशी एक उशी धरायला द्या, वरचा हात त्यावर, नाहीतर तो हात पुढे पडतो आणि खांदा फिरतो. डोक्याखालची उशी खांद्याच्या जाडीएवढी. आणि बाई जरा अंगाने भरलेल्या असतील तर कुशीवर झोपल्यावर कमरेखाली जी पोकळी राहते तिथे छोटा नॅपकिन दुमडून घाला, तो सरकवल्याबरोबर चेहऱ्यावर फरक दिसतो बघा.

एवढं करूनही अर्ध्या-पाऊण तासाने स्थिती बदलावीशी वाटणारच, ते नॉर्मल आहे. एकाच स्थितीत रात्रभर झोप लागावी हा हट्ट सोडा, बदलणं सोपं कसं होईल ते बघा. जागेपणी दर तासाला घोटे वर-खाली करून घ्यायचे, दहा-बारा वेळा, रक्त पोटरीत साचू नये म्हणून. आणि एकाच बाजूची पोटरी सुजली, गरम लागली, दुखायला लागली तर वाट न बघता डॉक्टरांना फोन. दम लागला, छातीत दुखलं तर फोन करत बसू नका, सरळ जवळच्या हॉस्पिटलात.

कृष्णाकाठ
ताई किती सविस्तर लिहिलंत, डोळ्यात पाणी आलं. खरंच आम्ही खांदा धरूनच ओढत होतो. आज रात्री तुम्ही सांगितलंत तसं करून बघतो. आईंना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या आकडे मीच मोजणार. जमिनीवर झोपण्याचं काय पण? त्या ऐकायलाच तयार नाहीत.

मी_नागपूरकर
माझ्या बाबांचा पण हाच हट्ट होता. जमीन कडक आहे हा मुद्दा नंतरचा, पहिला मुद्दा हा की जमिनीवरून उठायचं कसं? गुडघे दुमडून, पुढे वाकून, कशाला तरी धरून. म्हणजे रात्री बाथरूमला जायचं तर सगळं वर्ज्य केलेलंच करायचं आणि मदत करणाऱ्याचीही कंबर जायची. आम्ही बाबांना एवढंच सांगितलं, कडक हवं ना, पलंगावर कडक करून देतो. पलंगाची फळी, वर काथ्याची गादी, वर पातळ कापसाची. मानले.

कडक म्हणजे चांगलं हा समज मात्र आपल्याकडे फार खोल आहे. २००३ साली लॅन्सेटमध्ये स्पेनमधल्या संशोधकांचा पेपर आला होता, ३१३ लोकांना, सगळ्यांची कंबर जुनाट दुखणारी, कुणाला कडक तर कुणाला मध्यम कडक गादी दिली आणि तीन महिन्यांनी मध्यम कडकवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालं. अर्थात ते ऑपरेशन झालेले पेशंट नव्हते, पण दगडासारखं अंथरूण हवंच असं काही नाही एवढं नक्की. उलट खोलगट झालेली जुनी कापसाची गादी वाईट, मधे खड्डा पडलेली, तिच्यात माणूस रुततो आणि वळता येत नाही. ती असेल तर पिंजून घ्या किंवा काढून टाका.

हलकं_पाऊल
मी_नागपूरकर यांच्याशी शंभर टक्के सहमत. वयस्कर माणसाच्या त्वचेसाठी पण जमीन वाईट, टाचा आणि माकडहाड लाल पडतं. रोज अंग पुसताना या दोन जागा बघत जा.

गणिताची_वही
पेशंट नाही, पण बायकोच्या वेळी मी यावर बरंच वाचलं होतं, कुणाला उपयोग होईल म्हणून लिहितो. १९६०च्या दशकात स्वीडनमध्ये नॅकेमसन नावाच्या डॉक्टरांनी जिवंत माणसाच्या मणक्याच्या गादीत सुई घालून दाब मोजला होता आणि बसल्यावर तो उभं राहण्यापेक्षा जास्त येतो असं सांगितलं, "बसू नका, उभे राहा किंवा आडवे व्हा" हा सल्ला बराचसा तिथून आला. पुढे १९९९ मध्ये जर्मनीतल्या उल्मच्या विल्के वगैरे मंडळींनी एका निरोगी माणसाच्या एल-४ एल-५ मधे सेन्सर बसवून जवळजवळ दिवसभराच्या हालचाली मोजल्या. झोपल्यावर साधारण ०.१ मेगापास्कल (दाब मोजायचं एकक), उभं राहिल्यावर ०.५, टेका न घेता बसल्यावर त्याच्या आसपासच, किंचित कमी. पुढे झुकून बसल्यावर ०.८ च्या वर. पण खुर्चीत मागे रेलून सैल बसल्यावर ०.३, म्हणजे उभं राहण्यापेक्षाही कमी! आणि या धाग्याच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे अंथरुणात कूस बदलताना ०.७ ते ०.८. पडलेल्या माणसापेक्षा सात-आठ पट. हलकं_पाऊल यांनी वळवण्यावर एवढं का लिहिलं ते या आकड्यांवरून कळतं.

माणूस एकच होता आणि त्याचं ऑपरेशन झालेलं नव्हतं, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे आपल्या पेशंटला लावू नका. पण दिशा कळते. बसण्यापेक्षा पुढे झुकणं वाईट, आणि टेका असेल तर बसणं एवढं भयंकर नाही.

त्याच मोजणीत झोपेत रात्रभरात दाब ०.१ वरून ०.२४ पर्यंत वाढलेला दिसला, मणक्यातली गादी रात्री पाणी शोषून फुगते म्हणून. सकाळी उठल्या उठल्या कंबर ताठ लागते ती बिघडल्यामुळे असं समजून घाबरू नये. बायकोला आम्ही सकाळचा पहिला तास वाकण्याचं काहीच करू द्यायचो नाही, ब्रशसुद्धा बेसिनवर न वाकता हातात मग घेऊन.

न्यूजर्सीचे_आजोबा
माझ्या अनुभवाची भर घालतो. मणक्यातली नसांची नळी अरुंद झाल्यामुळे ऑपरेशन झालं (स्टेनोसिस), स्क्रू नाहीत. इथे दुसऱ्याच दिवशी घरी पाठवतात. मला पलंगावर झोपच येईना, शेवटी मुलाने रिक्लायनर आणला आणि पहिले काही आठवडे मी त्यातच झोपलो. पाठ मागे रेललेली, गुडघे दुमडलेले आणि पाय वर. दुकानदार याला झिरो ग्रॅव्हिटी म्हणून विकतात, १९७३-७४ मध्ये स्कायलॅबमधल्या अंतराळवीरांचं शरीर वजनरहित अवस्थेत आपोआप तसं अर्धवट दुमडलेलं राहायचं, त्यावरून हे नाव. नाव काही असो, आमच्यासारख्या स्टेनोसिसवाल्यांना थोडं दुमडलेलं अंग मुळातच बरं वाटतं. ऑपरेशनच्या आधी मी दुकानात ढकलगाडीवर वाकून चालायचो तेव्हाच काय ते पाय चालायचे.

पण दोन गोष्टी सांगतो. रिक्लायनरमधून उठताना पाय टाचांनी खाली ढकलावे लागतात, तो हिसका कमरेला बसतो, बटणावर चालणारा असेल तरच घ्या. आणि दिवसरात्र त्यातच राहू नका, पायांना सूज येते आणि मांडीचे स्नायू आखडतात. आपल्याकडची कापडी आरामखुर्ची मात्र कृपा करून देऊ नका, झोळीत बसल्यासारखं होतं आणि उठताना दोघं लागतात.

कृष्णाकाठ
काल रात्री पहिल्यांदा सलग झोपल्या! आकडे मोजत वळवलं, "एक, दोन, तीन" त्याच म्हणतात, आणि तीनला आम्ही. दोन वेळा वळवलं फक्त. लोड होताच घरी, दिवाणावरचा, तो पायात घातला.

पलंगाच्या डोक्याकडची बाजू वर होत नाही म्हणून ह्यांनी गादीवाल्याकडून फोमचा तिरका तुकडा कापून आणला, दोन फूट रुंद, एका बाजूला वीतभर उंच आणि दुसरीकडे निमुळता, वर जुन्या साडीचा अभ्रा शिवला. जेवताना तो पाठीमागे लावतो आणि गुडघ्याखाली उशी. भाड्याचा हॉस्पिटलचा पलंग घेणार होतो त्याची सध्या तरी गरज वाटत नाहीये.

अजून एक सापडलं, लिहून ठेवते, कुणाच्या घरी नऊवारी नेसणाऱ्या आजी असतील तर. आईंचा कासोटा मागे जिथे खोचतात नेमके तिथेच टाके. त्यांना सवयीने नेसल्याशिवाय चैन नाही, आणि झोपल्यावर ती जाड घडी बरोबर जखमेवर दाबायची. टाक्यांवर भार येतो म्हणत होत्या तो हाच. आता सुती गाऊन घालायला तयार झाल्यात, "बरं होईपर्यंतच हां" या अटीवर. वर कमरेचा पट्टा.

अवनी_के
किती छान वाटलं वाचून! गाऊन सॅटिनसारखा गुळगुळीत घेतला तर कूस बदलताना अजून सोपं जातं, सुती कापड चादरीला धरून ठेवतं. मी दोन्हींपैकी एक गुळगुळीत ठेवायचे, दोन्ही नाही, नाहीतर पलंगाच्या कडेला बसल्यावर घसरायला होतं. झोपताना पट्टा लावायचा की नाही हे डॉक्टरांनाच विचारा, मला काढून ठेवायला सांगितला होता, प्रत्येकाचं वेगळं असतं.

सुगरण_नाही
बसण्याबद्दल कुणी लिहाल का? माझ्या मिस्टरांना सोफ्यावर बसून टीव्ही बघायचा असतो आणि उठले की पाय धरतो.

हलकं_पाऊल
सोफा नकोच. घरातली प्लास्टिकची हातांची खुर्ची सोफ्यापेक्षा कितीतरी चांगली. बसल्यावर ढुंगण पार मागे टेकलेलं, कमरेच्या खळग्यात टॉवेलची मनगटाएवढी गुंडाळी, पावलं जमिनीवर पूर्ण टेकलेली. खुर्ची बुटकी असेल तर वर एक घट्ट उशी घालून उंची वाढवा. सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटं, मग उठून घरात एक फेरी, मग आडवं. टीव्हीच्या जाहिराती लागल्या की उठायचं असा नियम करून टाका, घड्याळ बघावं लागत नाही. उठताना आधी ढुंगण खुर्चीच्या कडेपर्यंत पुढे सरकवायचं, एक पाऊल थोडं मागे, हातांवर जोर, पाठ सरळ. जेवायला ताट उंचावर हवं, मांडीवर ताट घेऊन मान खाली घालून जेवलं की तेच पुढे झुकणं झालं.

टॉयलेटचं पण सांगून ठेवते कारण कुणी विचारत नाही. भारतीय पद्धतीचं सध्या बंद. कमोडवर उंची वाढवायची प्लास्टिकची सीट मेडिकलवाल्याकडे मिळते. मागे हात नेऊन धुताना कंबर पिळली जाते, जेट असेल तर बरं. दुखण्याच्या काही गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं, कुंथलं की सगळा जोर कमरेवर, म्हणून पाणी, फळं, आणि डॉक्टरांना विचारून इसबगोल पहिल्या दिवसापासून.

टेकडीवाला
आता मानेचं. माझं पुढून, गळ्याच्या बाजूने झालं, मणक्यांमधली एक गादी काढून तिथे आधाराला पिंजरा (केज) आणि पट्टी (प्लेट) बसवली. वर जे कमरेचं चाललंय ते मानवाल्यांनी जसंच्या तसं करू नये. मला पहिले काही दिवस सपाट झोपलं की गळ्याशी दाटल्यासारखं व्हायचं, गिळताना त्रास, कारण आत सूज असते. डोक्याकडची बाजू तीस-एक अंश वर ठेवून अर्धवट बसल्यासारखं झोपलो तेव्हा बरं वाटलं. पण ती उंची पाठीपासून हवी. नुसत्या डोक्याखाली तीन उशा घातल्या की हनुवटी छातीला टेकते आणि मान वाकते, ते चुकीचं. कृष्णाकाठ यांचा फोमचा तिरका तुकडा खांद्याखालून लावला तर मानवाल्यांना उत्तम. डोक्याखाली पातळ उशी, मानेच्या बाकाखाली रुमालाची बारीक गुंडाळी, आणि दोन्ही हातांखाली एकेक उशी. हाताखालच्या उशा विसरू नका, हातांचं वजन खांदे खाली ओढतं आणि मान रात्रभर ताणलेली राहते. पालथं झोपणं बंद, मान एका बाजूला पूर्ण वळते.

श्वास घ्यायला त्रास, आवाज एकदम बदलणं, गळ्याची सूज वाढत जाणं यातलं काही झालं तर रात्र सरायची वाट बघू नका.

सिंधूसागर
इथे विचारणं बरोबर आहे की नाही माहीत नाही पण खूप काळजीत आहे. मिस्टरांचं चार दिवसांपूर्वी गादीचं ऑपरेशन झालं. कालपासून उठून बसलं की डोकं भयंकर दुखतं, मळमळतं, आडवं झालं की पाच-दहा मिनिटांत थांबतं. आम्हाला वाटलं पित्त असेल. आज ड्रेसिंग पण ओलसर लागतंय.

हलकं_पाऊल
सिंधूसागर, आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना किंवा हॉस्पिटलच्या इमर्जन्सी नंबरवर फोन करा, उद्यावर टाकू नका. बसल्यावर वाढणारं आणि झोपल्यावर थांबणारं डोकं आणि ओलं ड्रेसिंग, हे दोन्ही याच शब्दांत सांगा. नसांभोवती जे आवरण असतं त्याला कधी कधी बारीक छेद जातो आणि आतलं पाणी झिरपतं, तसं आहे का ते त्यांनीच बघायला हवं. तोपर्यंत त्यांना सपाट झोपवून ठेवा, उठवू नका. पित्ताची गोळी देऊन थांबू नका.

मी_नागपूरकर
सिंधूसागर, फोन लागला का ते इथे कळवा. आम्ही जागे आहोत.

सिंधूसागर
लागला. लगेच घेऊन या म्हणाले, ॲम्ब्युलन्समधून आडवंच आणलं. ॲडमिट करून घेतलंय, तेच निघालं जे ताई म्हणाल्या. सपाट झोपून राहायचंय आणि सलाईन सुरू आहे, गरज पडली तर परत एक टाका घालतील म्हणाले. तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू.

कृष्णाकाठ
जपा ताई, काही लागलं तर लिहा.

हलकं_पाऊल
या निमित्ताने बाकीच्यांसाठी पण, उशी बदलून न सुटणाऱ्या गोष्टी कोणत्या ते लक्षात असू द्या. लघवी अडकणं किंवा न कळत होणं, जांघेत-बैठकीच्या जागी बधिर होणं, पायातली ताकद अचानक जाणं, थंडी वाजून ताप, जखमेतून पू किंवा वास. यातलं काहीही झालं तर त्याच वेळी हॉस्पिटल. उलट मांडीच्या बाहेरच्या बाजूला थोडं बधिर वाटणं बऱ्याच जणांना होतं, ऑपरेशन पालथं झोपवून करतात आणि तिथली एक वरवरची नस दबलेली असते, ती बहुधा हळूहळू सुटते. तरी पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगाच.

कृष्णाकाठ
एक नाजूक प्रश्न. आईंना मिश्री लावायची सवय आहे, चाळीस वर्षांची. हॉस्पिटलात बंद होती, आता परत मागतात, म्हणतात तेवढाच विरंगुळा, त्याचा कमरेशी काय संबंध.

हलकं_पाऊल
संबंध आहे. स्क्रू-रॉड हा फक्त तात्पुरता आधार, मणके एकमेकांना हाडाने जुळायला हवेत आणि त्याला कित्येक महिने लागतात, कधी वर्षही. निकोटिनने रक्तपुरवठा कमी होतो आणि हाड जुळायला अडथळा येतो. सिगरेट, तंबाखू, मिश्री, सगळं एकच. रागावून नका सांगू, हाड जुळेपर्यंत थांबा म्हणून सांगा, आणि भाजलेली बडीशेप-ओवा हाताशी ठेवा, मिश्रीच्या वेळेला काहीतरी तोंडात हवं असतं.

गणिताची_वही
आणि दुपारी कुणीतरी त्यांच्याशी गप्पा मारायला बसा. पडून असलेल्या माणसाला विरंगुळा हा खरंच मोठा प्रश्न आहे. बायकोसाठी मी छताकडे बघून ऐकता येईल अशी कीर्तनं लावून ठेवायचो, मोबाईल हातात धरून बघितलं की मान आणि खांदे दुखायचे.

कृष्णाकाठ
कीर्तनाची कल्पना आवडली त्यांना. देवपूजेचं पण जमवलं, खाली पाटावर बसता येत नाही म्हणून देव्हाऱ्यातली बाळकृष्णाची मूर्ती आणि समई टेबलावर मांडली, कमरेच्या उंचीला, उभ्या राहून पूजा करतात. दहा मिनिटं उभं राहणं होतं तेवढंच.

आता पुढच्या आठवड्यात टाके काढायला पुण्याला जायचंय, गाडीने. चार-साडेचार तास. त्यांना मागे आडवं झोपवून न्यावं की पुढे बसवावं?

अवनी_के
पुढे बसवा. मागच्या सीटवर आडवं झोपवलं तर पाय दुमडून अंग वाकडं होतं, बेल्ट लावता येत नाही आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला माणूस घरंगळतो. पुढची सीट पूर्ण मागे सरकवा, पाठ थोडी मागे कलती करा, पार झोपवू नका. कमरेत टॉवेलची गुंडाळी. सीटवर प्लास्टिकची पिशवी अंथरा, आधी ढुंगण टेकवायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत फिरवायचे, पिशवीवर अंग सरकन फिरतं आणि कंबर पिळत नाही. आत बसल्यावर पिशवी काढून घ्या.

हलकं_पाऊल
आणि दर पाऊण तासाने थांबायचं म्हणजे थांबायचंच, हायवेवर कराड, सातारा, खंबाटकीच्या अलीकडे, जिथे सावली आणि स्वच्छ बाथरूम असेल तिथे. उतरून पाच मिनिटं चालवा. गाडीत बसल्या बसल्या घोटे हलवत राहायला सांगा. दुखण्याची गोळी ठरलेली असेल ती निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी, काहीतरी खाऊन. परतीला शक्य असेल तर पुण्यात एक रात्र मुक्काम करा, येऊन-जाऊन एका दिवसात नको.

कृष्णाकाठ
नणंदेचं घर आहे कोथरूडला, तिथेच राहतो मग. तिला आत्ताच फोन करून सांगते, पलंग उंच आहे का बघून ठेव म्हणून, आणि लोड आम्ही गाडीत टाकून नेतोय.